पिंजारी अब्दुल गनी याची आवडनिवड

अब्दुल गनी पिंजारी याला सतार आवडते, हे त्याला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळले, आणि तेही छापील मजकुरातून.

१९६१ सालच्या होळीच्या सुमाराला तो रुई पिंजायच्या पिंजणाची तांत घ्यायला यवतमाळला गेला होता. त्याच्या बोरी अरब गावाकडे जाणारी मोटार सुटायला अवकाश होता, म्हणून स्टँडजवळच्या पुस्तकांच्या दुकानापुढे उभा राहिला. सुतळीला अडकवलेल्या पुस्तकांत त्याची दुसरी कादंबरी होती. मुखपृष्ठावर दिवा घेऊन उभी असलेली एक बाई होती. ती कादंबरीत कुठेच नव्हती. लेखकाचे नाव होते रमाकांत सरनोबत. हे नाव गनीला ठाऊक होते. अमरावतीच्या प्रकाशकाने पहिल्या पुस्तकापासून त्याला लावलेले ते टोपणनाव होते. ठाऊक नव्हता तो पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूर:

'श्री. सरनोबत यांचा दिवस पहाटे सतारीच्या रियाजाने सुरू होतो. नंतर ते आपल्या बागेतील गुलाबांची निगा राखतात. वाफाळत्या कॉफीचा पेला हाताशी असल्याखेरीज त्यांची लेखणी चालत नाही. श्रावणात ते एकभुक्त असतात. त्यांच्या सुविद्य पत्नी सौ. मृणालिनीबाई याच त्यांच्या पहिल्या वाचक होत.'

गनीने ते वाचले, पुन्हा वाचले. दुकानदार म्हणाला, "घ्याची असंन तर घे जी. उभ्यानं वाचू नको."

"याले सतार कोणं देली?"

"कोणाले?"

"याले. या सरनोबताले."

"मले काय माहीत? असंन बाप्पा मोठ्या घरचा."

गनीने पुस्तकाची पाठ टरकावली, घडी केली आणि खिशात घातली. दुकानदाराने त्याची गचांडी धरली. शेवटी पुस्तकाची किंमत मोजावी लागली. पैसे दिलेच आहेत तर उरलेले पुस्तकही त्याने उचलले, आणि मोटारीत ते मांडीखाली घेऊन बोरीपर्यंत बसून आला.

खरी माहिती अशी. अब्दुल गनीला संगीत सहन होत नसे. दसऱ्यापासून होळीपर्यंत रोज सूर्य कलेपर्यंत त्याच्या कानाशी पिंजणाची तांत वाजायची. घरी आल्यावर कुणी भांडे आपटले तरी तो अंगावर जाई. उरुसात कव्वाली सुरू झाली की तो उठून नदीकडे चालू लागे. कॉफी त्याने कधी तोंडात घेतली नव्हती. गूळ टाकलेला कोरा चहा, तोही बशीत ओतून, एवढेच त्याचे पेय. जेवणात ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि कच्ची हिरवी मिरची. गोड त्याला आवडत नसे. ईदच्या शिरखुर्म्याची वाटी तो बायकोपुढे सरकवी. बिडी ओढत नसे, कारण रुईच्या ढिगात बसून बिडी ओढणारा पिंजारी एखादाच मोसम टिकतो. तंबाखू मात्र हाताशी असे. छपरावर कारल्याचा वेल होता, तो शेळीने दर वर्षी खाल्ला.

नाद दोन होते. एक बैलांचा. स्वतःच्या दावणीला बैल कधी नव्हता, पण पोळ्याला तो बोरीतल्या प्रत्येक जोडीची शिंगे, खांदे, खूर पाहत फिरे आणि मालकांशी भांडे. दुसरा नाद वर्तमानपत्रातल्या खटल्यांचा. पत्र जुने असले तरी चाले. खटला संपलेला नको, एवढीच अट. शिक्षा झाल्याची बातमी वाचली की त्याचा रस जाई.

आणि त्याला राग येई. रुईत सरकीचे तुकडे राहिले तर येई, मोटार उशिरा आली तर येई, वेळेवर आली आणि हा उशिरा पोचला तरी येई. ओळखीचे लोक म्हणत, गनीभाईच्या डोक्यात तांत ताणलेलीच असते.

त्याच्या लहानपणी बोरीत उर्दू शाळा नव्हती, म्हणून बापाने मराठी शाळेत घातले. सातवीपर्यंत शिकला. पुढे बापाच्या हाताखाली पिंजण खांद्यावर घेऊन गावोगाव जाऊ लागला. लग्नसराईच्या आधी मोठ्या घरांतून बोलावणे येई. ओसरीत नाहीतर अंगणात जागा करून देत. घरची रुई ढिगाने ओतलेली असे. ती पिंजून गाद्या, उशा, लोड भरेपर्यंत एकेका घरी आठवडा आठवडा जाई.

हे काम मुळीच मुके नसते. धनुष्याएवढी मोठी कमान, तिला ताणलेली आतड्याची तांत, आणि तिच्यावर लाकडी ठोकळ्याचा घाव. ढँव, ढँव, ढँव. शेजारचा माणूस ओरडल्याखेरीज ऐकू येत नाही. निदान घरच्या बायकांची तशी समजूत असे. एरवी ज्या घरात सासू माजघरात आणि सासरा ओट्यावर असतो, तिथे दोन जावांना मनातले बोलायला जागा नसते. पिंजारी आला की जागा मिळे. त्याच्यापासून हातभर अंतरावर तूर निवडत बसायचे आणि त्या आवाजाच्या आडोशाने पोटातले सगळे बोलून घ्यायचे. सासूला ऐकू जात नाही, सासऱ्याला जात नाही. पिंजारी तर आवाजाच्या मधोमधच बसलेला.

पण तांत वाजवणाऱ्याचा कान निराळा होतो. लहानपणापासून जो त्या आवाजात बसला, त्याला आवाज ऐकू येईनासा होतो आणि त्यामागचे सगळे ऐकू येते. गनीला येत असे. एका घरात नवरा बायकोशी बोलत नाही, दुसऱ्या घरात सवत यायची आहे, एकीने माहेरी निरोप धाडला तो पोचलाच नाही. दुपारी त्याच बायका त्याच्या पानात भाकर वाढत, आणि तो खाली मान घालून जेवी.

पावसाळ्यात रुई सादळते, पिंजण चालत नाही. जिल्हा मध्य प्रदेशातून काढून मुंबई राज्याला जोडायचे घाटत होते, त्या १९५६ च्या पावसाळ्यात गनीने रिकाम्या पोत्यावर बसून पहिली कादंबरी लिहिली. दोन जावांची गोष्ट होती. ती घेऊन तो अमरावतीला पुंडलिकराव ठोसरांकडे गेला. ठोसर वाचनालयांना लागणाऱ्या कादंबऱ्या छापत. त्यांनी कागद ठेवून घेतले. महिन्याने सांगितले, पुस्तक काढतो, पण नाव बदलावे लागेल.

गनीने फारशी कटकट केली नाही. त्याचे कारण सरळ होते. ज्या घरांतले बोलणे पुस्तकात गेले होते, त्या घरांत त्याला पुढच्या मोसमात गाद्या भरायला जायचे होते. सरनोबत हे नाव त्यालाही सोयीचे होते. दोन पुस्तके त्या सोयीत निघाली. त्याचा संताप सुरू झाला तो सतारीपासून.

त्या संध्याकाळी त्याने खिशातला कागद काढून बायकोला वाचून दाखवला. शमसुन्निसा रजईला टाके घालत होती. नवरा रुई पिंजे आणि शिवणकाम तिचे, अशी वाटणी होती. तिला मराठी बोलता येई, वाचता कुठलीच भाषा येत नसे. सतारीला ती हसली. गुलाबांना जास्त हसली. कॉफीला तिला ठसका लागला. मग तिची सुई थांबली.

"ये मुरनालनी कौन है?"

"कोणी नाही. पुंडलिकरावानं घातली."

"कायले घातली? घरात बायको नाही काय?"

"त्याले काय माहीत!"

"त्याले नाही माहीत, तुले तर माहीत हाय ना? इतके वरस झाले मी रुई खाऊन राह्यली, खोकून राह्यली, आन् पहली वाचक ती?"

"तुले वाचता येते काय?"

"तिले तरी कोठं येते? ती हाय तरी काय?"

तो म्हणाला, आता अमरावतीला जातो आणि पुढचे पुस्तक स्वतःच्या नावाने काढायला लावतो. शमसुन्निसाने रजई बाजूला टाकली.

"मुरनालनीले काढून ये. सतार काढून ये. पण आपलं नाव घालू नको. नाव छापलं का कोणी तुले वसरीत बसू देणार नाही."

"म्हणजे मी मरेपर्यंत सरनोबतच?"

"पुस्तकात ऱ्हाय सरनोबत. घरात गनी हायेसच ना? का तेबी छापून पायजे?"

ठोसरांचा छापखाना खाली होता आणि बसायची खोली वर. पुंडलिकराव हे जाड, आनंदी, घाम पुसत बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी गनीला खुर्ची दाखवली.

"बसा, गनीमियाँ."

"बसाले नाही आलो. मले सतार काहून देली?"

"मग काय देऊ? तबला?"

"काही देऊ नका. जे हाय ते लिहा."

"अहो, वाचकाला उत्सुकता असते. लेखक केव्हा उठतो, काय खातो, काय वाजवतो. पुण्यामुंबईच्या पुस्तकांवर असतं. मी घातलं. दीडपट खप झाला."

"मी गुलाब लावले नाही."

"लावा ना मग. तुम्हाला कोणी अडवलंय?"

"श्रावणात मी एकदाच जेवतो म्हणे."

"शोभतं ते."

"मी रमजानचे रोजे ठेवतो. महिनाभर. ते नाही शोभत?"

पुंडलिकरावांनी घाम पुसला. गनीने सांगून टाकले की तिसरी कादंबरी अब्दुल गनी पिंजारी या नावाने निघेल, नाहीतर निघणार नाही.

"असं बघा," पुंडलिकराव म्हणाले, "माझं गिऱ्हाईक म्हणजे घरात बसणाऱ्या बायका. सरनोबतांना त्यांच्या मनातलं कळलं तर त्या म्हणतात, काय हो प्रतिभा. तुम्हाला कळलं तर म्हणतील, ह्या मेल्याला कसं कळलं?"

"कसं कळलं ते सांगतो मी."

"सांगाल?"

"काहून नाही? लिहा. सतार लिहिली, आता हेबी लिहा."

पुंडलिकरावांनी दौत पुढे ओढली. आधी थट्टेने लिहू लागले. गनी टेबलाशी उभा राहून बोलत गेला: कोरा चहा, अंबाडीची भाजी, पोळ्याचे बैल, पेपरातले खटले. गाणे आवडत नाही, लिहा. पत्नीचे नाव शमसुन्निसा, त्या वाचत नाहीत, गाद्या शिवतात, लिहा. लेखन पावसाळ्यात, कारण रुई सादळते. आणि गोष्टी कुठून येतात? घराघरांतून येतात. पिंजणाच्या आवाजात बायांना वाटते की पिंजाऱ्याला काही ऐकू जात नाही. त्याला सगळे ऐकू जाते.

इथे पुंडलिकरावांचा टाक थांबला. ते हुशार गृहस्थ होते. सतारीपेक्षा हे जास्त खपेल, हे त्यांच्या ध्यानात आले.

"हे छापू?"

"छापा."

"बघा हं. नंतर माझ्या नावानं बोंब नको."

"एक अक्षर गाळलं तर छापखान्यापुढे येऊन बोंब मारीन."

ज्याला नावावर चढवलेली खोटी सतार खपली नाही, त्याला खऱ्यातली एक ओळ गाळणेही खपले नसते. गनी खूश होऊन परतला. त्याच्या आयुष्यात हे फार वेळा घडलेले नाही.

तिसरी कादंबरी १९६२ च्या दिवाळीनंतर निघाली. मुखपृष्ठावर अब्दुल गनी पिंजारी आणि पाठीवर त्याची आवडनिवड, अक्षर न गाळता. त्या सुमाराला तो बोरीजवळच्या एका गावी देवराव पाटलांकडे होता. देवरावांच्या मुलीचे लग्न निघाले होते. गाद्या, उशा, लोड, तक्के मिळून मोठे काम होते. पुस्तक दारव्ह्याच्या वाचनालयातून देवरावांच्या घरी आले. धाकट्या सुनेने ते संध्याकाळी मोठ्याने वाचले. आधी गोष्ट वाचली, आणि मग पाठ वाचली.

दुसऱ्या दिवशी गनी अंगणात शिरला तेव्हा तिथे एकही बाई नव्हती. तूर निवडायची सुपे भिंतीला टेकवून ठेवली होती. देवराव बाजेवर बसले होते आणि पुस्तक त्यांच्या मांडीवर होते.

"गनी, हे तूच?"

इतकी वर्षे हा प्रश्न कुणीतरी विचारावा असे त्याला वाटत आले होते. तो असा विचारला जाईल असे वाटले नव्हते.

"मीच जी."

"माह्या वसरीत बसून, माह्या घरची भाकर खाऊन, माह्या सुनायचं बोलणं आयकत होता?"

"कान काही बंद करता येत नाही, मालक."

"मंग तोंड तरी बंद ठेवाचं!"

देवरावांचा आवाज गल्लीत गेला. शेजारचे दोघेतिघे दाराशी आले. गनी काही बोलणार तोच आतून थोरली सून पारबता बाहेर आली. डोक्यावरून पदर होता, पण सासऱ्यासमोर, परक्या पुरुषांसमोर ती भर अंगणात उभी राहिली.

"मामंजी, मले एक विचारू द्या त्याले." ती गनीकडे वळली. "तूनं आयकलं ना सारं?"

"आयकलं."

"चांगलं आयकलं?"

"हो बाई."

"मंग मी बुढीच्या पाया कवा पडली?"

प्रकरण असे होते. दोन हिवाळ्यांपूर्वी, गनी त्याच अंगणात उशा भरत असताना, पारबताने धाकट्या जावेला सांगितले होते की पहिल्या बाळंतपणाच्या आधी सासूने धान्याच्या कोठीला कुलूप घातले, तेव्हा ती एकटी पायी माहेरी निघून गेली होती आणि सासू स्वतः बैलगाडी घेऊन न्यायला आली तेव्हाच परतली. कादंबरीत हे सगळे होते. कुलूप होते, पायवाट होती, पायात मोडलेला काटासुद्धा होता. मात्र शेवटी सून पश्चात्तापाने परत येते आणि सासूच्या पायांवर डोके ठेवते, असे गनीने लिहिले होते.

"बुढी आलती मले न्याले," पारबता म्हणाली. "मी नाही गेलती. हे मी बोलली, तूनं आयकलं. मंग मले तिच्या पाया काहून पाडलं?"

"कादंबरीत तसं करा लागते, बाई."

"कायले करा लागते?"

"वाचणाऱ्यायले बरं वाटते. शोभते ते."

हा शब्द तोंडातून गेल्यावर गनीला तो ओळखीचा वाटला. अमरावतीला, घाम पुसत, तो त्याला ऐकवला गेला होता.

"चोरलं त चोरलं," पारबता म्हणाली, "जसं होतं तसं तरी ठेवाचं होतं."

ती आत गेली. आत तिची सासू होती. तिने हे ऐकले असणारच. तांत त्या वेळी वाजत नव्हती. देवरावांनी पुस्तक अंगणात फेकले आणि गड्याला हाक मारून उरलेली रुई गाडीत भरायला सांगितली. दारव्ह्याला पिंजायचे यंत्र नुकतेच आले होते. गनीने पिंजण खांद्यावर घेतले. पुस्तक उचलायचे की नाही, हे त्याला ठरवता आले नाही. उचलले नाही.

शमसुन्निसाने सांगितले होते तसेच झाले, आणि ते तिने रोज बोलून दाखवले. त्या हिवाळ्यात पाच घरांची ठरलेली कामे गेली. ज्यांना यंत्राची रुई नको होती, ते पोते भरून गनीच्या दारात टाकत आणि तयार गादी घेऊन जात. काम थोडे कमी झाले. उपासमार झाली नाही. पण अंगणे गेली. गनी स्वतःच्या घरासमोर बसून पिंजू लागला. तिथे ऐकण्यासारखे एकच माणूस होते.

"बस, लिव आता," ती म्हणे. "माझं लिव. पहली वाचक मुरनालनी, पहली बोलणारी मी."

पावसाळा आला. पोते अंथरून तो बसला. देवरावांच्या घरचे, दारव्ह्याच्या एका वकिलाकडचे, मागचे ऐकलेले बरेच डोक्यात शिल्लक होते. पण एखाद्या बाईचा शेवट लिहायला घेतला की अंगणात उभी असलेली पारबता मध्ये येई, आणि तो कागद चुरगाळून चुलीकडे फेकी. सगळा दोष तो पारबताला देई. अडाणी बाई, हिला कादंबरीतले काय कळते, असे मोठ्याने म्हणे. दोन पावसाळे असे गेले.

१९६४ साली रमाकांत सरनोबत यांची नवी कादंबरी निघाली. गनीने ती यवतमाळला त्याच दुकानात पाहिली. पाठीवर सतार होती, गुलाब होते, मृणालिनीबाई होत्या. भर म्हणून एक कुत्रा आला होता. तो तसाच अमरावतीला गेला.

"हे कोणं लिहिलं?"

"एक मास्तर आहेत," पुंडलिकराव म्हणाले. "बरे लिहितात."

"माह्यं नाव काहून देलं त्याले?"

"तुमचं? तुम्ही तर ते सोडून गेलात, गनीमियाँ. रिकामं पडलं होतं."

गनीने टेबलावरची दौत उचलून भिंतीवर मारली. पुंडलिकरावांनी पोलिसांना बोलावले नाही. पुढे बरेच दिवस ते आलेल्या-गेलेल्याला भिंतीवरचा शाईचा डाग दाखवून, लेखक मंडळी किती भावनाप्रधान असतात, हे सांगत असत. देवरावांच्या घरीही ते नवे पुस्तक वाचले गेले आणि सर्वांना आवडले, असे गनीच्या कानावर आले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तांड्यावरून निरोप आला. बोरीपासून कोसभरावर बंजाऱ्यांचा तांडा होता. एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घालून देशभर फिरणारे हे लोक आता तिथे शेती करत. रुपीबाई ही तिथली म्हातारी. तिचा मुलगा पूनमसिंग शाळेत मास्तर होता. त्याने पलंग आणला होता आणि त्याला गादी हवी होती. रुई घरची होती. मुख्य म्हणजे पिंजाऱ्याने घरी येऊन पिंजावे, असा निरोप होता. शमसुन्निसा म्हणाली, जा, आणि या वेळी कानात रुई घाल.

गनीने झोपडीपुढे पिंजण टांगले. रुपीबाईने बाज ओढून त्याच्या अगदी समोर आणली आणि बसली. हातात कोपरापर्यंत बांगड्या, तोंडात तंबाखू.

"तूच ना रे तो? बायकायचं आयकणारा?"

गनीने हातातला ठोकळा खाली ठेवला. "जातो मी."

"बस. पूनमनं मले वाचून दावलं पुस्तकाच्या मांगचं. आयकतं ना तू? मंग आयक. माझं नाव रुपीबाई. माह्या सवतीचं नाव हंसाबाई. लिवून घे."

"मी सांगतलेलं लिहीत नाही."

"मंग काय, चोरलेलंच लिवतं?"

गनीने ठोकळा उचलला आणि तांतीवर घाव घातला. एरवी घालायचा त्याहून जोरात. ढँव. रुई उडाली. रुपीबाईने आवाज चढवला. त्याने घाव वाढवले. ती बाजेवरून उठून उभी राहिली आणि ओरडू लागली. तांड्यातली माणसे दारात आली. म्हातारी रुईच्या धुरळ्यात उभी राहून ओरडते आहे आणि पिंजारी मान न उचलता तांत बडवतो आहे, असे बराच वेळ चालले. ओरडलेले काही त्याच्या कामाचे नव्हते. आडोशाने बोललेले त्याला कळे. तोंडावर बोललेल्याचे काय करायचे, हे त्याला कधी शिकावे लागले नव्हते.

तांत तुटली. एकदम शांत झाले, आणि त्या शांततेत रुपीबाईचे उरलेले वाक्य सगळ्या तांड्याला ऐकू गेले.

"तुह्यं नाव छापलं ना रे, मोठ्ठं? तुले कोरा चहा आवडते तेबी छापलं! मंग माझं काहून नाही? देवरावच्या सुनेले पाया पाडलं म्हणे तूनं. मले पाडून दाखव!"

गनीचे तोंड रागाने काळे झाले होते. तुटलेली तांत त्याने बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. तांड्यावरची माणसे आता तो उठून जाणार म्हणून वाट मोकळी करू लागली.

"सवत घरात आली," तो म्हणाला, "त्या दिवशी तू काय केलं?"

"कायले विचारतं? तू त सांगतलेलं लिवत नाही!"

"विचारून राह्यलो ना! ओरडू नको, मी बहिरा नाही. काय केलं ते सांग. आन् जसं केलं तसं सांग."

रुपीबाई बाजेवर बसली. तंबाखू थुंकली. कुणी विचारील, हे तिनेही धरलेले नव्हते.

दिवस मावळल्यावर गनी घरी आला. अंगावर रुई होती, खांद्यावर तुटक्या तांतीचे पिंजण. शमसुन्निसा उशी भरत बसली होती.

"गादी झाली?"

"नाही."

"मंग दिवसभर काय करून राह्यला होता?"

"विचारत होतो."

"आन् मले कवा विचारलं?" म्हणत शमसुन्निसाने हातातली उशी त्याच्या अंगावर फेकली. तिची एक बाजू अजून शिवायची होती. रुई घरभर झाली.